अठ्ठेचाळीस प्रेक्षकांचा प्रयोग

क्वेक बेंग स्वी यांनी आपल्या मुलीच्या प्रत्येक नाटकाला हजेरी लावली होती आणि त्यांतलं एकही नाटक पाहिलं नव्हतं. या दोन विधानांत विसंगती नाही. शिन यीने पहिलीत असताना कोबीची भूमिका केली, तेव्हापासून बेंग स्वी प्रयोगाच्या दीड तास आधी पोहोचत, दुसऱ्या रांगेतल्या मधल्या सहा खुर्च्यांवर टिश्यूची पाकिटं ठेवत, घरची मंडळी आली की त्यांना तिथे बसवत, आणि पडदा वर जायच्या सुमाराला नंतरच्या जेवणासाठी टेबल धरायला जवळच्या खाऊकेंद्रात जात. शनिवारी संध्याकाळी सिंगापुरात सहा जणांचं टेबल हवं असेल, तर घरातल्या कोणीतरी नाटकावर पाणी सोडायलाच हवं. ते बेंग स्वींनी पंचवीस वर्षं सोडलं. नाटकात काय झालं ते बायको, ले चू, जेवताना सांगायची. ती इतकं रंगवून सांगायची, की आपण ते पाहिलंच आहे असं त्यांना वाटायचं आणि ते चारचौघांत तसं सांगतही.

ले चू गेल्या मार्चमध्ये वारली. त्यामुळे आता नाटक स्वतः पाहण्याखेरीज गत्यंतर उरलं नव्हतं.

टिश्यूच्या पाकिटाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. या शहरात ज्या खुर्चीवर टिश्यूचं पाकीट आहे ती खुर्ची कोणाची तरी आहे. हे कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. कायद्यात लिहिलेल्या गोष्टी लोक अधूनमधून मोडतात आणि दंड भरतात. ही गोष्ट कोणी मोडल्याचं ऐकिवात नाही. माणसं हातात वाफाळत्या नूडल्सचा ट्रे घेऊन पाकिटाशेजारी उभी राहतील, नूडल्सचा लगदा होऊ देतील, पण पाकिटाला हात लावणार नाहीत. बेंग स्वी तर नगर-परिषदेच्या कचेरीत चौतीस वर्षं तक्रारी नोंदवून निवृत्त झालेले. त्यांच्या पिशवीत वीस पाकिटं कायम असत आणि त्यांना सर्दी कधीच होत नसे.

शिन यीने तीन वर्षांपूर्वी बँकेतली नोकरी सोडली होती. यंदा तिचं स्वतः लिहिलेलं आणि एकटीनेच करायचं नाटक, ‘ताटावरचं झाकण’, शहरातल्या फ्रिंज महोत्सवासाठी निवडलं गेलं. हा महोत्सव रंगभूमीच्या काठावरच्या, वेगळ्या, बंडखोर वगैरे नाटकांसाठी असतो. बंडखोरीसाठी अर्ज सप्टेंबरच्या तीस तारखेपर्यंत तीन प्रतींत द्यावा लागतो. प्रत्येक नाटकाला तीन प्रयोग मिळतात. दुसऱ्या प्रयोगाला तीसपेक्षा कमी प्रेक्षक आले, तर ‘किमान प्रेक्षक-सहभाग निकषा’नुसार तिसरा प्रयोग रद्द होतो, ती वेळ प्रतीक्षायादीतल्या मंडळींना मिळते, आणि त्या कलाकाराला पुढची दोन वर्षं अर्ज करता येत नाही. लोकांना न आवडणारी नाटकं करायला प्रोत्साहन मिळावं म्हणून सुरू झालेल्या महोत्सवात लोक येतात की नाही यावर एवढं बारीक लक्ष असतं.

पहिल्या प्रयोगाला सात माणसं आली. त्यांतली दोन वातानुकूलित हवेसाठी आली होती आणि एक अग्निसुरक्षेचा तपासनीस होता.

“पा, दुसरा प्रयोग शनिवारी दुपारी तीनला,” शिन यी वडिलांना फोनवर म्हणाली. “मित्रांना आण, शेजाऱ्यांना आण, जो दिसेल त्याला आण. आणि हे बघ, टेबल धरायला जाऊ नकोस. मला जेवायचं नाहीये. तू आत बस.”

“आत म्हणजे?”

“आत म्हणजे हॉलमध्ये, पा. खुर्चीवर. तोंड माझ्याकडे करून.”

बेंग स्वींनी हे एका चिठ्ठीवर लिहून घेतलं. मग त्यांनी आपले मित्र कदिरेसन यांना बोलावून घेतलं. कदिरेसन एका शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होते. आम्लं, मुलं आणि मुख्याध्यापक यांच्यात आयुष्य गेल्यामुळे त्यांना कशाचीच भीती वाटत नसे. दोघांनी मिळून त्रेपन्न फोन केले. जुने सहकारी, देवळातले भजनी, व्यायामाच्या गटातल्या बायका, न्हावी. त्रेपन्नपैकी अठ्ठेचाळीस जण म्हणाले, “बघू, कसं जमतंय ते.”

“अठ्ठेचाळीस,” बेंग स्वी समाधानाने म्हणाले.

“अरे बाबा, ‘बघू’ म्हणजे नाही,” कदिरेसन म्हणाले. “मी चाळीस वर्षं बायकोला ‘बघू’ म्हणतोय. तिला विचार त्यातलं काय काय झालं.”

“पण ‘नाही’ असं कोणी म्हणालं का? नोंद तर तशी नाही.”

कचेरीत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला नोंदीपलीकडे जग नसतं. कदिरेसननी हात टेकले.

शनिवारी दीड वाजता दोघं पोहोचले. जुन्या शाळेच्या इमारतीत आता कलाकेंद्र केलेलं आहे. पहिल्या मजल्यावर, पूर्वी जिथे सातवीचा वर्ग होता तिथे, पन्नास खुर्च्यांचा काळा रंगवलेला हॉल. तिकीट नाही, खुर्च्यांना आकडे नाहीत, येईल त्याने हवं तिथे बसावं. भिंतीवर इतर नाटकांच्या जाहिराती. एका नाटकात एक बाई नव्वद मिनिटं कोळंबी सोलणार होती आणि प्रेक्षकांनी तिला मदत करू नये असं खाली लिहिलं होतं. दुसऱ्या एका प्रयोगाखाली सूचना होती: ‘या प्रयोगात शांतता आहे. ज्यांना शांततेचा त्रास होतो त्यांनी आधी कळवावं.’

“मला होतो,” कदिरेसन म्हणाले. “घरात शांतता झाली की समजायचं, आपलं काहीतरी चुकलंय.”

दाराशी हसनाह नावाच्या बाई बसल्या होत्या. त्यांच्या छातीवरच्या पट्टीवर ‘प्रेक्षक-अनुभव अधिकारी’ असं लिहिलं होतं. पन्नाशीच्या, डोक्यावर नीट बसवलेला जांभळा रुमाल, हातात मोजणीचं यंत्र, मांडीवर नोंदवही. त्यांनी दोघांना आत सोडलं आणि यंत्र दोनदा दाबलं.

हॉलमध्ये दोघांनी दुसऱ्या रांगेत मधोमध बैठक मारली. सव्वादोन झाले. कोणी आलं नाही. बेंग स्वींच्या जिवाची घालमेल सुरू झाली. अठ्ठेचाळीस माणसं येणार, आणि ती येईपर्यंत भलतेच लोक येऊन बसले तर? आपल्या शब्दावर विश्वास ठेवून घरून निघालेल्या माणसाला उभं राहावं लागलं तर? त्यांनी पिशवीतली वीस पाकिटं काढली आणि वीस खुर्च्यांवर ठेवली. मग कदिरेसनना खाली पिटाळलं. भुयारी रेल्वेच्या दाराशी एक आजी टिश्यू विकायला बसतात. कदिरेसननी त्यांच्याकडून अठ्ठावीस पाकिटं घेतली. आजींनी विचारलं, “एवढी? कोणी वारलं का?” कदिरेसन म्हणाले, “अजून नाही. नाटक आहे.”

दोन वाजून पंचवीस मिनिटांनी हॉलमध्ये दोन माणसं आणि अठ्ठेचाळीस पाकिटं होती.

तेवढ्यात एक जोडपं आलं. त्यांनी दारातून खुर्च्यांवर नजर टाकली, “सॉरी, सॉरी” म्हणत पाकिटांची माफी मागितली, आणि बाहेर जाऊन भिंतीशी एकामागे एक उभं राहिलं. नंतर तीन विद्यार्थिनी आल्या, वाकून पाहिलं, आणि जोडप्यामागे उभ्या राहिल्या. मग एक चष्मेवाले गृहस्थ आले. त्यांनी आत डोकावण्याची तसदी घेतली नाही. ते थेट रांगेत लागले आणि मग विचारलं, “कसली रांग आहे?”

“हॉल भरलाय,” एक विद्यार्थिनी म्हणाली.

“मग चांगलं असणार,” गृहस्थ म्हणाले.

या शहरात पाच माणसं एकामागे एक शांतपणे उभी राहिली की सहावं येतंच. खाऊच्या गाड्यांपुढे हाच न्याय चालतो: रांग लांब तर भात चांगला. पंधरा मिनिटांत रांग जिन्यावरून उतरून खालच्या कॉफीवाल्यापर्यंत गेली. कॉफीवाल्याला वाटलं आपल्याकडेच आलेत, त्याने जास्तीचं पाणी उकळायला ठेवलं.

पावणेतीनला नोंदवही बंद करायची वेळ झाली. हसनाहबाई आत आल्या आणि विचारात पडल्या. नोंदवहीत दोनच रकाने होते: ‘व्यापलेली आसने’ आणि ‘रिकामी आसने’. त्यांनी वरिष्ठांना फोन लावला.

“सर, माणसं दोन आहेत. पाकिटं अठ्ठेचाळीस.”

पलीकडून काहीतरी विचारणा झाली.

“नाही सर, तिथे दुसऱ्या कोणाला बसवता येणार नाही. पाकीट आहे ना.”

पुन्हा काहीतरी.

“बरोबर सर. ज्यावर कोणाला बसवता येत नाही ती खुर्ची रिकामी कशी? कळलं सर.”

त्यांनी ‘व्यापलेली’च्या खाली पन्नास लिहिलं, सही केली, आणि दारावर ‘हाउसफुल्ल’ची पाटी लावली. महोत्सवाच्या इतिहासात ही पाटी कधी वापरली गेली नव्हती, तिच्यावरचा प्लास्टिकचा कागद अजून निघालेला नव्हता. पाटी लागताच रांगेत समाधानाची लहर पसरली.

बेंग स्वींना उठून हसनाहबाईंचे आभार मानावेसे वाटले. तीसची अट होती, पन्नास झाले. शिन यीचा तिसरा प्रयोग वाचला. ले चू असती तर तिने कोपराने ढोसून म्हटलं असतं, ‘बघ, तुझ्या पाकिटांचा शेवटी काहीतरी उपयोग झाला.’ त्यांनी पाठ टेकली. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच ते आपल्या मुलीच्या नाटकाला, तोंड तिच्याकडे करून, बसले होते. फक्त ती अजून यायची होती.

ती यायच्या आधी हसनाहबाई परत आल्या.

“अंकल, जरा अडचण आहे. या हॉलची क्षमता पन्नास आहे.”

“पन्नासच झालेत.”

“पन्नास कलाकारांसकट. अग्निसुरक्षेचा नियम. एक कलाकार आणि एक दिवेवाला धरले तर बावन्न होतात. दोघांना बाहेर जावं लागेल.”

“मग त्या दोघांना सांगा,” कदिरेसननी मागच्या रांगेतल्या दोन पाकिटांकडे बोट दाखवलं.

“त्यांना कसं सांगणार? ते इथे नाहीत. जे हजर आहेत त्यांनाच बाहेर जायला सांगता येतं.”

“बाई,” कदिरेसन म्हणाले, “तुम्ही मला हे सांगताय, की आग लागली तर टिश्यू पळणार आणि मी जळणार, म्हणून मी आधीच बाहेर जावं?”

“मी नियम सांगतेय, अंकल.”

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, पण बंबाची कागदपत्रं मात्र चोख. बेंग स्वी उठून उभे राहिले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे ते एकदम म्हणाले, “ती पाकिटं माझीच आहेत. सगळी.”

हसनाहबाईंनी नोंदवही छातीशी धरली.

“हे तुम्ही मला सांगायला नको होतं,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “आता मी हे ऐकलेलं असेल, तर मला पन्नास खोडून दोन लिहावं लागेल. दोन म्हणजे तीसच्या खाली. तिसरा प्रयोग रद्द. तुमची कोण आहे आत?”

“मुलगी.”

“मग असं करू. तुम्ही आत बसलात तर मी ते ऐकलं. बाहेर गेलात तर मला आज कानाला त्रास आहे.”

“थांबा की,” कदिरेसन म्हणाले. “बाहेर चाळीसेक लोक उभे आहेत. पाकिटं उचला, त्यांना आत घ्या, सगळ्यांचंच भलं होईल. खरी माणसं, खरं नाटक.”

“नोंदवही पावणेतीनला बंद झाली. त्यानंतर आलेला प्रेक्षक हा उशिरा आलेला प्रेक्षक. उशिरा आलेल्यांना प्रवेश नाही.”

“ते अडीचपासून उभे आहेत!”

“रांगेत. रांगेत आलेला माणूस म्हणजे हॉलमध्ये आलेला माणूस नव्हे.”

कदिरेसन तरातरा दारात गेले आणि रांगेला उद्देशून म्हणाले, “अहो, आत या सगळे. खुर्च्या मोकळ्या आहेत. नुसती पाकिटं आहेत पाकिटं.”

रांगेतल्या कोणीही पाऊल उचललं नाही. चष्मेवाले गृहस्थ शांतपणे म्हणाले, “अंकल, ती कोणाची तरी असतील.”

“कोणाची नाहीत. याची आहेत,” कदिरेसननी बेंग स्वींकडे हात केला.

“मग ते बसायला आले की?” एका विद्यार्थिनीने विचारलं. तिला खरोखरच काळजी वाटत होती.

“रांग मोडायच्या युक्त्या आहेत या सगळ्या,” मागून कोणीतरी पुटपुटलं. “शेवटी उभे राहा ना, अंकल.”

बेंग स्वी हॉलमध्ये एकटेच उभे होते. समोर एक टेबल, त्यावर झाकलेलं एक ताट. पडद्यामागे शिन यीच्या पावलांचा आवाज येत होता. प्रयोगाआधी ती अशाच येरझाऱ्या घालते हे त्यांना ले चूने सांगितलेलं होतं. त्यांना बसायचं होतं. इतकं हवंसं त्यांना बऱ्याच वर्षांत काही वाटलं नव्हतं. पण ते बसले तर हॉलमध्ये दोन माणसं, ते गेले तर अठ्ठेचाळीस. आणि मुलीचा तिसरा प्रयोग, पुढची दोन वर्षं, सगळं त्या आकड्याला बांधलेलं. कचेरीतल्या माणसाने आकड्याच्या विरुद्ध कधी काही केलं आहे का? ते बाहेर गेले. हसनाहबाईंनी नोंदवहीत पन्नासचे अठ्ठेचाळीस केले आणि दार लावून घेतलं.

दोघं रांगेच्या शेवटी, कॉफीवाल्याच्या मोरीजवळ, उभे राहिले. त्यांच्यापुढे शेहेचाळीस माणसं होती.

पन्नास मिनिटं प्रयोग चालला. हॉलच्या भिंती ध्वनिरोधक असल्यामुळे रांगेला काही ऐकू आलं नाही, पण रांग हळूहळू रंगत गेली. कोणीतरी म्हणालं की नाटक आईबद्दल आहे. दुसरं कोणी म्हणालं, वाटणी झालेल्या घराबद्दल. चष्मेवाले गृहस्थ एका संकेतस्थळासाठी नाट्यपरीक्षणं लिहीत; त्यांनी उभ्या उभ्या फोनवर लिहायला घेतलं, ‘आत प्रवेश नाकारला जाणं हाच या प्रयोगाचा गाभा आहे.’ मागच्या दोघांनी ते वाचून माना डोलावल्या. एक मुलगी डोळे पुसत होती. कदिरेसननी चौकशी केली, तर तिला मोरीचा वास सहन होत नव्हता.

“बेंग स्वी,” कदिरेसन म्हणाले, “मी आत जातो आणि सगळी पाकिटं खिशात घालतो. बघू कोण काय करतं.”

“नको. तिचा प्रयोग चालू आहे.”

“कोणापुढे चालू आहे, ते तरी सांगशील?”

बेंग स्वींनी एक काळी कॉफी घेतली आणि ती तशीच हातात धरून ठेवली.

प्रयोगानंतर वीस मिनिटांचं ‘कलाकार-प्रेक्षक संवाद’ सत्र सक्तीचं होतं. दिवे लावून हसनाहबाईंनी अठ्ठेचाळीस पाकिटांना विचारलं की कोणाला काही प्रश्न आहेत का. नियमानुसार तीन वेळा विचारलं. अहवालात त्यांनी लिहिलं, ‘प्रेक्षक निःशब्द होते.’

आता राहिले अभिप्रायाचे अर्ज. अठ्ठेचाळीस प्रेक्षक म्हणजे अठ्ठेचाळीस अर्ज भरून यायला हवेत, आणि पाकिटांना लिहिता येत नाही हे हसनाहबाईंनाही मान्य होतं. त्या गठ्ठा घेऊन बाहेर आल्या आणि त्यांनी रांग मोजली. शेहेचाळीस आणि शेवटचे दोन, अठ्ठेचाळीस. हिशोब इतका तंतोतंत जुळलेला पाहून त्यांच्या चेहऱ्यावर दिवसभरात पहिल्यांदा हसू आलं. त्यांनी अर्ज वाटून टाकले.

अर्जावरचा पहिला प्रश्न होता: ‘आपण प्रयोग पाहिला का? होय/नाही.’ ‘नाही’वर खूण करणाऱ्याने परिशिष्ट ‘ड’ भरायचं होतं. ते चार पानी होतं आणि त्यात न पाहण्याची कारणं, पुरावे आणि दोन साक्षीदारांची नावं मागितली होती. शेहेचाळीस जणांनी ‘होय’वर खूण केली. दर्जाच्या रकान्यात बहुतेकांनी पाच तारे दिले, कारण एवढा वेळ उभं राहून तीन तारे दिले तर आपणच मूर्ख ठरतो.

कदिरेसननी ‘नाही’वर खूण केली आणि परिशिष्ट मागून घेतलं. ‘कारण’ या सदरात त्यांनी लिहिलं, ‘मी आत असल्यामुळे मला बाहेर काढण्यात आलं.’ साक्षीदार म्हणून त्यांनी मागच्या रांगेतल्या त्या दोन पाकिटांची नोंद केली. हसनाहबाईंनी ते वाचून ‘सविस्तर व सकारात्मक’ या गठ्ठ्यात ठेवलं.

बेंग स्वींच्या हातात पेन होतं आणि अर्ज होता. त्यांनी ‘होय’वर खूण केली. आयुष्यभर त्यांनी नोंदीत खोटं लिहिलं नव्हतं. पण पंचाहत्तर टक्के समाधानी प्रेक्षक ही तिसऱ्या प्रयोगाची दुसरी अट होती, तसं तळटिपेत छापलेलं होतं. ‘आपल्याला सर्वांत भावलेला प्रसंग’ या ओळीपाशी ते अडले. मग नाटक कुठलंही असलं तरी त्याला शेवट असणारच, असा विचार करून त्यांनी लिहिलं, ‘शेवट.’

एवढ्यात महोत्सवाचे प्रेक्षक-संबंध प्रमुख जेरोम फू धावत आले. त्यांनी पाटी पाहिली, रांग पाहिली, अर्ज पाहिले. त्यांना भरून आलं. त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की उद्याच्या तिसऱ्या प्रयोगाला गर्दीने गोंधळ होऊ नये म्हणून सर्व खुर्च्या मान्यवर निमंत्रितांसाठी राखून ठेवण्यात येत आहेत, आणि त्यांवर महोत्सवाच्या बोधचिन्हाची अधिकृत पाकिटं ठेवली जातील.

“मान्यवर येतील का पण?” कदिरेसननी विचारलं.

“बघू म्हणालेत,” जेरोम म्हणाले.

रांगेने टाळ्या वाजवल्या आणि ती पांगली. शिन यी जिन्यावरून खाली आली तेव्हा मोरीपाशी फक्त बेंग स्वी आणि कदिरेसन उरले होते. तिने चेहरा अर्धवटच पुसला होता, कानाजवळ पांढरा रंग तसाच होता. कदिरेसनना अचानक कॉफीवाल्याशी फार महत्त्वाचं काहीतरी बोलायचं आठवलं आणि ते तिकडे गेले.

“हाउसफुल्ल होतं,” बेंग स्वी म्हणाले. “सगळे म्हणतात फार छान झालं.”

“तू काय म्हणतोस, पा?”

त्यांनी अर्ज पुढे केला. बोलण्यापेक्षा कागद बरा, असं त्यांना नेहमीच वाटत आलेलं होतं. शिन यीने तो वाचला. वाचायला फारसं काही नव्हतं, तरी तिला वेळ लागला.

“शेवट आवडला?”

“हो. शेवट तर फारच.”

“दिवे डोळ्यांवर असतात ना, मला समोरचं काही दिसत नाही,” शिन यी म्हणाली. “शेवटी ती मुलगी ताटावरचं झाकण काढते आणि बापाला हाक मारते. मी नाव बदललं नव्हतं. तुझंच ठेवलं होतं. तू नुसतं ‘हं’ म्हणायचं होतंस. घरी म्हणतोस तसं. बस, तेवढ्यावर नाटक संपतं.” ती अर्जाची घडी घालत होती. “मी हाक मारली. मग वाटलं, लाजला असेल, इतक्या लोकांत. म्हणून परत मारली. मग त्या बाईंनी दिवे लावले.”

बेंग स्वींना इतकी लाज वाटली की त्यांना तिच्याकडे बघवेना. आपण जन्मभर हिच्यासाठी जागा धरली आणि हिच्यासमोर कधी बसलो नाही, हे त्यांना त्या मोरीपाशी उभं असताना लख्ख कळलं, आणि ते कळून आता काही उपयोग नव्हता. काहीतरी बोलायला हवं होतं.

“हं,” ते म्हणाले.

‘ताटावरचं झाकण’ला त्या वर्षीचा प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला. आज शहरात ते नाटक न पाहिलेला माणूस सापडत नाही. हसनाहबाईंना बढती मिळाली. आता तुम्ही म्हणाल, काय हा माणूस, एक पाकीट उचलून खाली बसायला कितीसं धैर्य लागतं? खरं आहे, तुमच्या हातून असं झालं नसतं. मुलीच्या शाळेच्या गॅदरिंगला तुम्ही पहिल्या रांगेत होतात, फोन दोन्ही हातांनी डोळ्यांसमोर धरून, आणि तिचा नाच पहिल्यापासून शेवटपर्यंत तुमच्याकडे जपून ठेवलेला आहे. तो बघायचा तेवढा राहिलाय.